घसा दुखतोय? आधी सांगा, थायरॉईडची गोळी कोणती?

तालुक्याच्या गावात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. वय चौतीस. चार महिन्यांत आठ किलो वजन उतरलेले, छातीत सतत धडधड, ऐन थंडीत घाम. ‘लाटणं हातात राहत नाही डॉक्टर, हात नुसते थरथरतात,’ त्या म्हणाल्या. गळ्याशी थोडी सूज होती, डोळेही किंचित मोठे वाटत होते. रक्ताच्या तपासणीत निदान सरळ निघाले. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होती. ग्रेव्हज डिसीज. मी कार्बिमॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या, धडधडीसाठी प्रोप्रानोलोल दिले आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासून पुन्हा या, असे सांगितले.

महिनाभरात ताईंना बरे वाटू लागले. हात स्थिरावले, झोप लागू लागली. पाचव्या आठवड्यात घसा दुखायला लागला. पहिल्या दिवशी हळद-दूध आणि मिठाच्या गुळण्या. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून तीन दिवसांचे अँटिबायोटिक. चौथ्या दिवशी ताप चढला म्हणून गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे. त्यांनी विचारायचे ते विचारलेही, ‘दुसरं कुठलं औषध चालू आहे का?’ ताई म्हणाल्या, ‘थायरॉईडची गोळी.’ डॉक्टर म्हणाले, ‘ती चालू ठेवा, तिचा काही प्रश्न नाही.’ आणि आणखी एक, जास्त ताकदीचे अँटिबायोटिक दिले. सहाव्या दिवशी तोंड इतके आले की पाण्याचा घोट गिळवेना. रात्री १०४ ताप आणि हुडहुडी भरली, तेव्हा घरच्यांनी त्यांना आमच्या रुग्णालयात आणले.

रिपोर्ट आला. एकूण पांढऱ्या पेशी १,१००. त्यांतील न्यूट्रोफिल्स ४ टक्के. म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे फक्त ४४. त्या किमान दीड हजार तरी असायला हव्यात.

फॅमिली डॉक्टरांना दोष देणे सोपे होते, मेडिकलवाल्याला देणे त्याहून सोपे. पण कार्बिमॅझोलची चिठ्ठी माझी होती. केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘दुष्परिणाम समजावले’ असे लिहिलेले होते. ताईंना नंतर विचारले, तेव्हा त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, ‘तुम्ही जेवणानंतर घ्या म्हणालात, अंगाला खाज आली तर सांगा म्हणालात. घशाचं काही बोलला नव्हता.’ कदाचित मी बोललो असेन, बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत असताना, घाईघाईत. त्याला समजावणे म्हणत नाहीत.

हा लेख त्या न पोहोचलेल्या एका वाक्याबद्दल आहे.

एकच नाव, दोन उलट्या गोळ्या

आपल्याकडे ‘मला थायरॉईड आहे’ असे म्हणतात. खरे तर थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, सगळ्यांनाच असते. म्हणायचे असते ते तिच्या बिघाडाबद्दल. बिघाड मुख्यतः दोन तऱ्हेचे. ग्रंथी कमी काम करते ती एक तऱ्हा. हे रुग्ण संख्येने बरेच जास्त. त्यांना थायरॉक्सिनची गोळी लागते. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही तिची ओळखीची नावे. शरीरात कमी पडणारे संप्रेरकच ती बाहेरून पुरवते. पांढऱ्या पेशींना तिच्यापासून हा धोका नाही.

ग्रंथी जास्त काम करते ती दुसरी तऱ्हा. त्यासाठी कार्बिमॅझोल (निओ-मर्काझोल हे तिचे परिचित नाव), मेथिमॅझोल किंवा प्रोपिलथायोयुरासिल ही औषधे वापरतात. ती ग्रंथीला संप्रेरक बनवू देत नाहीत. कार्बिमॅझोलचे शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलच होते, त्यामुळे ही दोन औषधे प्रत्यक्षात एकच समजावीत.

एक गोळी भर घालते, दुसरी लगाम घालते. पण बोलताना दोघींचे नाव एकच: ‘थायरॉईडची गोळी’. थायरॉक्सिन घेणारे इतके जास्त आहेत की हे शब्द कानावर पडताच कोणताही डॉक्टर थायरॉक्सिनच गृहीत धरतो. ताईंच्या फॅमिली डॉक्टरांनी तेच केले. त्यांच्या जागी मी असतो तर बहुधा मीही तेच केले असते. ताईंच्या जिवावर बेतले ते या दोन शब्दांच्या गोंधळामुळे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो, नाहीतर या लेखाने भले होण्याऐवजी नुकसान व्हायचे. तुम्ही थायरॉक्सिन घेत असाल तर हा इशारा तुमच्यासाठी नाही. कृपया तुमची गोळी बंद करू नका.

अंगात नेमके काय घडते

न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जंतू शिरला की सर्वांत आधी धावून जाणारी ही पेशी. तिचे रक्तातले आयुष्य एखाद्या दिवसाइतकेच, म्हणून आपली अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल्स नव्याने घडवत असते. हा कारखाना बंद पडला तर साठा संपायला फार दिवस लागत नाहीत.

कार्बिमॅझोल घेणाऱ्या हजार रुग्णांपैकी साधारण दोन ते पाच जणांत हे घडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधामुळे बिथरते आणि आपल्याच न्यूट्रोफिल्सवर व त्यांच्या अस्थिमज्जेतील पूर्वज पेशींवर उलटते. न्यूट्रोफिल्स ५००च्या खाली गेले की त्या अवस्थेला अॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. प्रत्यक्षात अनेकदा ते जवळजवळ शून्यावर येतात.

बहुतेक घटना उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत घडतात. नंतर धोका कमी होतो, संपत नाही. गोळी मध्ये काही महिने बंद ठेवून पुन्हा सुरू केली, तर हा तीन महिन्यांचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. कपाटात उरलेल्या गोळ्या ‘पुन्हा धडधडतंय’ म्हणून आपल्या मनाने सुरू करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावे. मेथिमॅझोल आणि कार्बिमॅझोलच्या बाबतीत जास्त मात्रेला धोका जास्त, हेही दिसून आले आहे. म्हणून आजार सौम्य असेल तर कमी मात्रेने सुरुवात करण्यात शहाणपण आहे.

हे कोणाला होईल ते आधी ओळखता येईल का? काही प्रमाणात धागेदोरे हाती आले आहेत. तैवान आणि हाँगकाँगमधील रुग्णांचा अभ्यास करून २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवले, की एचएलए या जनुकसमूहातील दोन विशिष्ट प्रकार असणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. युरोपीय रुग्णांत मात्र वेगळा प्रकार सापडला. म्हणजे एका समाजातला निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्या दवाखान्यात गोळी लिहिण्याआधी जनुक तपासावे, अशी स्थिती आज नाही.

या आजाराचा एक फसवा पैलू डॉक्टरांनीही विसरू नये. पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल्सचा बनलेला असतो. न्यूट्रोफिल्सच नसतील तर पू होणार कसा? घसा बघितला तर टॉन्सिलवर पांढरे ठिपके नसतात, छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनियाची सावली नीट उमटत नाही. घसा ‘फार काही वाईट’ दिसत नाही, पण रुग्ण मात्र खंगत जातो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा रक्ताच्या रिपोर्टवर विश्वास ठेवावा.

ऐंशी वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट

हे काही नवे ज्ञान नाही. १९४३ मध्ये बोस्टनच्या डॉ. एडविन अॅस्टवूड यांनी थायोयुरिया आणि थायोयुरासिल या औषधांनी थायरॉईडचा अतिरेक आवरता येतो, हे प्रथम दाखवले. त्याआधी शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग होता आणि तीही जोखमीची. हा शोध फार मोठा होता. पण अॅस्टवूड यांनी उपचार केलेल्या त्या पहिल्या मोजक्या रुग्णांपैकीच एकाच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या उतरल्या होत्या. म्हणजे औषध आणि त्याचा हा दुष्परिणाम एकाच दिवशी जगाला कळले. पुढे जास्त सोसवणारी औषधे आली, कार्बिमॅझोल १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आले, दुष्परिणामाचे प्रमाण खूप घटले. तो नाहीसा मात्र झाला नाही.

ऐंशीहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकात असलेली, प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेली ही गोष्ट ज्याच्या अंगात घडणार आहे त्यालाच माहीत नसते. माझी तक्रार आहे ती याच गोष्टीबद्दल, आणि त्या तक्रारीत मी स्वतःही आरोपी आहे.

उपचार काय, आणि काय नव्हे

ताईंवर काय उपचार झाले ते क्रमाने सांगतो, कारण या क्रमातच सगळे आले.

पहिले, कार्बिमॅझोल त्याच क्षणी बंद. हा उपचारातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. औषध अंगात जात असेपर्यंत बाकी सगळे व्यर्थ.

दुसरे, वेगळी खोली आणि संसर्गाचा शोध. रक्त आणि लघवी कल्चरला पाठवली, एक्स-रे काढला. पण कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. न्यूट्रोफिल्स नसताना आलेला ताप म्हणजे तातडीची अवस्था. तासाभराच्या आत शिरेतून व्यापक परिणामाचे, स्यूडोमोनाससारख्या चिवट जंतूलाही आवरणारे अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. मेडिकलमधून घेतलेल्या तीन गोळ्यांची ही लढाई नव्हे.

तिसरे, फिलग्रास्टिमचे इंजेक्शन. अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल्स बनवायला चालना देणारे हे औषध आता भारतातही बनते. नातेवाइकांना तेच ‘खरे’ औषध वाटते, कारण त्याने ‘पेशी वाढतात’. याबाबत थोडे सावध बोलायला हवे. अनेक पाहण्यांत या इंजेक्शनाने पेशी काही दिवस लवकर परतल्या. पण जपानमधील एका छोट्या तुलनात्मक चाचणीत फारसा फरक दिसला नव्हता. रुग्णाला ताप असेल, पेशी अगदी तळाला असतील, तर मी ते देतो. पण ते मदतनीस आहे. औषध थांबवले नाही, अँटिबायोटिकला उशीर केला आणि फक्त हे इंजेक्शन दिले, असे होऊ नये.

ताईंच्या भावाने मला विचारले, ‘रक्त चढवू का? पपईच्या पानांचा रस देऊ का?’ डेंग्यूच्या साथीत ऐकलेले सल्ले माणसाला अशा वेळी आठवतात, त्यात त्याची चूक नाही. पण न्यूट्रोफिल्स इतक्या अल्पायुषी की त्या बाहेरून देणे हा येथे नेहमीचा उपचार नाही. आणि रस तोंडाने जाणार कसा, तोंडात फोडांशिवाय जागा नव्हती. मी त्यांना सांगितले, ‘तुम्ही एकच करा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी थांबवा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावा.’ त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि नऊ दिवस ते काम चोख केले.

सहाव्या दिवशी न्यूट्रोफिल्स ३०० झाल्या, नवव्या दिवशी १,९००. बहुतेक रुग्णांत औषध थांबवल्यावर एक ते दोन आठवड्यांत पेशी अशा परत येतात. पूर्वी औषधांमुळे होणाऱ्या या अवस्थेत पाचातला एक किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावत. आता वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण शंभरात काही मोजक्यांवर आले आहे. ‘वेळेवर’ हा शब्द मात्र त्यातला कळीचा.

चौथा भाग अनेकदा विसरला जातो. पेशी परतल्या, तरी मूळ आजार तसाच आहे! गोळी बंद झाल्याने थायरॉईड पुन्हा उसळणार, आणि त्यात अंगात संसर्ग. या दोन्हींतून ‘थायरॉईड स्टॉर्म’ नावाचे जिवावरचे वादळ उठू शकते. मग कार्बिमॅझोलऐवजी प्रोपिलथायोयुरासिल द्यावे का? नाही. ज्याला एका औषधाने हे झाले, त्याला दुसऱ्यानेही होऊ शकते, म्हणून दोन्ही औषधे कायमची वर्ज्य. अशा वेळी प्रोप्रानोलोल धडधड आवरते (दमा असेल तर ते चालत नाही). गरजेप्रमाणे कोलेस्टिरामीन, लिथियम, आयोडीनचे द्रावण, स्टिरॉइड यांचा आधार काही दिवस घेता येतो. पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले असेल तर आधी साधे आयोडीन देऊन चालत नाही, कारण ग्रंथी आयोडीनने भरली की औषधाचे आयोडीन ती घेतच नाही. हा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो.

शेवटी कायमचा मार्ग दोनपैकी एक: शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन. ‘किरणोत्सारी’ शब्दानेच लोक दचकतात. ताईही दचकल्या. पण हा उपचार आपल्याला नवा नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि हे आयोडीन तुर्भ्यात तयार होते. तोंडाने घ्यायचे हे औषध थायरॉईडमध्ये जाऊन साठते आणि तिथल्याच पेशी निकामी करते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना ते देत नाहीत, आणि नंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. त्यानंतर ग्रंथी सहसा मंदावते आणि जन्मभर थायरॉक्सिन घ्यावे लागते. हा सौदा वाईट नाही.

दर आठवड्याला रक्त तपासावे का?

हा प्रश्न मला वाचक आणि सहकारी दोघेही विचारतात. इतका धोका असेल तर सगळ्यांचे रक्त दर आठवड्याला का तपासू नये? जपानमध्ये पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी तपासणीची शिफारस आहे. अमेरिकेतील थायरॉईड तज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनी नियमित तपासणीच्या बाजूने वा विरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असे म्हटले. उपचाराआधी एकदा तपासणी करा आणि पुढे ताप किंवा घसादुखी आली की करा, असा त्यांचा सल्ला आहे.

क्लोझापीन या मानसिक आजारावरच्या औषधाचे उदाहरण बरेच जण देतात. त्यानेही पांढऱ्या पेशी उतरतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्याने काही मृत्यू झाले, औषध अनेक ठिकाणी मागे पडले. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती ‘रिपोर्ट नाही तर गोळी नाही’ अशा अटीवर. ती सक्ती तिथे २०२५ मध्ये उठवली गेली, पण अनेक दशके ती पाळली गेली. मग कार्बिमॅझोलला तसाच नियम का नको?

माझे मत असे. तपासणी जितक्या वेळा होईल तितकी चांगली, हे खरे. पण कार्बिमॅझोलने पेशी उतरतात त्या बऱ्याचदा अचानक, काही दिवसांत. सोमवारी रिपोर्ट चांगला आणि शुक्रवारी पेशी गायब, असे होऊ शकते. अशा वेळी सोमवारचा चांगला रिपोर्टच घात करतो. ‘आताच तर रक्त तपासलं होतं, सगळं नॉर्मल होतं’ म्हणत रुग्ण घरी थांबतो. शिवाय गावातून तालुक्याला जाऊन दर आठवड्याला रक्त द्यायचे म्हणजे एक रोजगार बुडणार. हे तीन महिने किती जण पाळतील? आणि वैतागून मूळ गोळीच सोडून दिली तर? थायरॉईडचा अतिरेक हाही साधा आजार नाही. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात, हृदय थकते.

म्हणून मला वाटते, ज्यांना जमेल त्यांनी पहिल्या तीन महिन्यांत मधूनमधून तपासणी करावीच. पण तपासणी हा दुय्यम उपाय आहे. मुख्य उपाय रुग्णाच्या डोक्यात पक्के बसलेले एक वाक्य. ते फुकट आहे, रोज त्याच्याबरोबर असते आणि ज्या दिवशी घसा दुखतो नेमक्या त्याच दिवशी उपयोगी पडते.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे: ‘असं सांगितलं तर पेशंट घाबरतो, गोळी घेतच नाही.’ मला हे पटत नाही. हजारात दोन ते पाच जणांना होते, म्हणजे हजारात ९९५ हून अधिक जणांना होत नाही, हेही त्याच दमात सांगता येते. गॅस सिलिंडर घरी आणताना वास आला तर काय करायचे हे आपण शिकतोच ना? त्याने कोणी स्वयंपाक सोडला नाही.

काय करायचे

ही गोळी घेणाऱ्यांसाठी ते वाक्य असे. कापून फ्रिजवर लावले तरी चालेल:

*कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल किंवा प्रोपिलथायोयुरासिल चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी तपासणी करा.*

रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबवल्याने काही बिघडत नाही. थायरॉक्सिन संप्रेरक रक्तात निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो, एका दिवसाच्या खंडाने थायरॉईड उसळत नाही. रिपोर्ट चांगला आला तर डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू करता येते. बहुतेक वेळा तसेच होते, कारण बहुतेक घसे साध्या सर्दीचेच असतात. सीबीसीला काही शे रुपये लागतात आणि तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये ती होते.

रिपोर्ट हातात आल्यावर एक साधा हिशेब करा. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल्सच्या टक्क्यांनी गुणा आणि शंभराने भागा. समजा एकूण पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल्स १२ टक्के, तर उत्तर २८८. दीड हजाराच्या वर असेल तर चिंता नको. पाचशेच्या खाली असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठा. मधल्या आकड्यांना त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ग्रेव्हज डिसीजमध्ये मुळातच पेशी थोड्या कमी असू शकतात. म्हणूनच गोळी सुरू करण्याआधीचा एक रिपोर्ट जपून ठेवायचा, तुलना करायला.

दुसरी सवय, ‘थायरॉईडची गोळी’ असे कोणालाही सांगू नका. गोळीचे नाव सांगा. नाव लक्षात राहत नसेल तर स्ट्रिपचा किंवा डबीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना तो दाखवा.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. वरचे वाक्य चिठ्ठीवर मराठीत, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात लिहा. मग त्याच्याकडून ते एकदा म्हणवून घ्या. अर्धा मिनिट लागतो. फॅमिली डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला ‘थायरॉईडची कोणती गोळी?’ एवढा एकच जादा प्रश्न विचारावा. औषध दुकानदारांनी ही गोळी देताना घशाची आठवण करून द्यावी, आणि घशासाठी अँटिबायोटिक मागायला आलेल्या माणसाला ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. लॅबचालकांनी न्यूट्रोफिल्स इतक्या कमी दिसल्या तर रिपोर्ट संध्याकाळी नेण्यासाठी ठेवून न देता तेव्हाच फोन करावा. आणि असा रुग्ण सापडला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे त्याची नोंद करावी. ही नोंद डॉक्टरच नव्हे, रुग्णही करू शकतो. नोंदीच नसतील तर आपल्या लोकांत हे किती जणांना होते, हे आपल्याला परक्या देशांच्या आकड्यांवरूनच ठरवत राहावे लागेल.

ताई आता बऱ्या आहेत. केंद्र पुन्हा सुरू झाले, हाताखाली दोन बायका आल्या. किरणोत्सारी आयोडीननंतर त्यांची ग्रंथी मंदावली आणि त्या रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात. त्यांच्या पर्समध्ये एक कार्ड असते: ‘कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल, प्रोपिलथायोयुरासिल कधीही देऊ नये.’ मागच्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा ताप आला, तेव्हा त्याच फॅमिली डॉक्टरांनी विचारले, ‘थायरॉईडची कोणती गोळी?’ ताईंनी सांगितले, ‘थायरॉक्सिन. शंभर मायक्रोग्रॅम.’

प्रश्न आणि उत्तर, दोन्ही मिळून दहा सेकंद लागले असतील. माझ्या चिठ्ठीवर आता ते वाक्य छापलेलेच असते.